दहा महिन्यांतले मोजले जाणारे महिने किती? कॅनडातल्या कामावरून पीआर (कायमच्या वास्तव्याचा हक्क) मिळवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मेकॅनिकलचे बीई. भारतात दोन वर्षं नोकरी केलीत, मग ओंटारियोतल्या कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा केलात. आता तीन वर्षांच्या पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला दहा महिने झाले. पहिले तीन महिने असेंब्ली लाइनवर होतात, नंतर टेक्निशियन झालात. मधे बहिणीच्या लग्नासाठी पाच आठवडे भारतात जाऊन आलात. वय २९, लग्न झालेलं नाही, पीआरच्या निवडीसाठीचा स्कोअर ४३१ दिसतोय. एका एजंटने सांगितलंय की एवढ्यावर काही होणार नाही, पैसे भरा, एलएमआयए (परदेशी कामगार घ्यायला कंपनीला मिळणारी सरकारी मंजुरी) करून देतो. तर दोन महिन्यांनी वर्ष पूर्ण होताच अर्ज करता येईल का, आणि एजंटचं ऐकावं का?

दोन महिन्यांनी अर्ज करता येणार नाही, आणि एजंटचं ऐकू नका. पण तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच चांगली आहे. ती कशी ते सांगते.

कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास, म्हणजे ज्याला आपण सगळे सीईसी म्हणतो, तो २००८ साली सुरू झाला आणि २०१५ पासून एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे पीआरसाठी गुणांवर उमेदवार निवडणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून चालतो. त्याची मुख्य अट ऐकायला साधी आहे: अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत, कॅनडात, कायदेशीर परवान्यावर केलेलं एक वर्षाचं कुशल काम. तासांत सांगायचं तर १,५६०, म्हणजे आठवड्याला ३० तास असे ५२ आठवडे. जास्त तास भरून हे वर्ष लवकर संपवता येत नाही. आठवड्याला ४८ तास राबलात तरी त्या आठवड्याचे ३०च धरतात. उलट दिशेने सवलत आहे: आठवड्याला १५ तासांचं काम असेल तर दोन वर्षांत तेवढंच वर्ष भरतं, आणि दोन नोकऱ्या मिळून ३० तास होत असतील तर तेही चालतं.

आता तुमचे दहा महिने. कामाचं कुशल-अकुशल हे एनओसीच्या, म्हणजे कॅनडातल्या व्यवसायांच्या सरकारी यादीच्या, पाच आकडी कोडवरून ठरतं आणि त्यातला दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी. ०, १, २, ३ असेल तर काम सीईसीला चालतं. ४ किंवा ५ असेल तर नाही. मेकॅनिकल टेक्निशियनचा कोड २२३०१, दुसरा आकडा २, उत्तम. पण यंत्रभाग जोडणाऱ्याचा कोड ९४२०४ आहे, दुसरा आकडा ४. म्हणजे असेंब्लीवरचे तुमचे तीन महिने एकाच कंपनीत, एकाच पगारपत्रकावर असले तरी मोजणीतून बाहेर जातात. राहिले सात. त्यातून सुट्टी. वर्षभरात साधारण दोन आठवड्यांची भरपगारी रजा अधिकारी कामाचाच भाग धरतात, तुमची पाच आठवडे झाली. वरचे तीन आठवडे वजा केले की हातात जेमतेम सव्वासहा महिने उरतात.

कॉलेजात असताना दुकानात सुपरवायझर म्हणून आठवड्याला वीस तास काम केलं, ते जोडता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं कोणतंही काम सीईसीत धरत नाहीत, मग ते कितीही कुशल असो, को-ऑप (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली नोकरी) असलं तरी. स्वतःच्या धंद्याचंही तसंच. आयटीतली मंडळी स्वतःची कंपनी काढून कंत्राटावर काम करतात, चार पैसे जास्त मिळतात आणि वर्षाअखेरीस कळतं की अधिकारी याला नोकरी मानायला तयार नाही. पीआर हातात येईपर्यंत टी-फोर (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) मिळणारी सरळ नोकरी बरी, पगार थोडा कमी असला तरी. दुसरी एक चूक लोक करतात ती म्हणजे लांबच्या सुट्टीत भारतातून लॅपटॉपवर काम करायचं आणि ते दिवस कॅनडातले म्हणून मोजायचे. पगार कॅनेडियन कंपनीने दिला तरी तुम्ही देशात नव्हतात, म्हणून ते दिवस धरले जात नाहीत.

तर तुमचं वर्ष अजून पावणेसहा महिन्यांनी भरेल. त्यावर दोन-तीन आठवडे जास्तीचे ठेवा. आजारपणाच्या रजा, शटडाउनचे आठवडे, कमी शिफ्ट लागलेले आठवडे हे सगळं पे-स्टबमध्ये (पगाराच्या पावतीत) दिसतं. अगदी ५२व्या आठवड्याच्या शुक्रवारी प्रोफाइलमध्ये 'एक वर्ष' लिहिणाऱ्यांचा अर्ज, एवढ्याशा कारणाने अपात्र ठरलेला बघताना मला फार वाईट वाटतं, कारण माणूस पात्र होणारच असतो, आणखी महिनाभराने.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती: पत्र. वर्षभर काम करणं आणि वर्षभराचं काम सिद्ध करणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची सुरुवात कामाच्या पहिल्या आठवड्यापासूनच व्हायला हवी. अर्ज तपासणारा अधिकारी तुमच्या कारखान्यात येत नाही. त्याच्यासमोर एक पत्र असतं आणि एनओसीचं पान असतं. कायद्यात लिहिलंय की त्या कोडच्या सुरुवातीच्या वर्णनाशी तुमचं काम जुळलं पाहिजे आणि खाली दिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी, त्यातली अत्यावश्यक असलेली सगळी, तुम्ही केलेली असली पाहिजेत. पदाच्या नावाला इथे फारसं वजन नाही. तुमच्या ऑफर लेटरवर अजून 'प्रॉडक्शन असोसिएट' असंच आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याने अर्ज बुडत नाही, पण पत्रातली कामं स्पष्ट नसतील तर अधिकारी त्या नावावरूनच अंदाज बांधेल, आणि तो अंदाज टीअर ४ कडे जाईल.

म्हणून पत्रात काय हवं ते नीट बघा. कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. तुमचं पद, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, नोकरी अजून चालू आहे की नाही. आणि कामांची यादी. तुमच्या बाबतीत दोन पदं वेगवेगळी लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत असेंब्ली, अमुक तारखेपासून टेक्निशियन. ही तारीख लपवायचा मोह होतो, कारण लपवली तर तीन महिने वाचतात. अजिबात करू नका. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि पगार बदलल्याची तारीख पे-स्टबवर असतेच.

कामांची यादी एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उतरवू नका. अशी पत्रं अधिकारी रोज बघतात आणि ओळखतात. तुम्ही खरोखर काय करता ते तुमच्या शब्दांत लिहा: कोणत्या भागांची ड्रॉइंग्ज कॅडवर काढता, कोणत्या चाचण्या घेता, बिघाडाचा अहवाल कोणाला देता. मग त्यातलं काय काय एनओसीशी जुळतं ते तपासा. जुळत नसेल तर कोड चुकलाय, दुसरा शोधा. दर महिन्याला अर्धा तास काढून आपण काय काय केलं याची नोंद ठेवलीत तर हे पत्र तयार करायला एक संध्याकाळ पुरते.

तुमच्या एचआरने दोन ओळींचंच पत्र मिळेल असं सांगितलंय. मोठ्या कंपन्यांत हे नेहमीचं आहे, त्यात वाईट हेतू नसतो. अशा वेळी ते दोन ओळींचं पत्र घ्याच, आणि त्याच्या जोडीला तुमच्या थेट सुपरवायझरकडून कामांचं सविस्तर पत्र घ्या, टी-फोर, कर भरल्याची नोटीस ऑफ असेसमेंट, पे-स्टब, बढतीचा ईमेल जोडा आणि एचआर जास्त का देत नाही याचं छोटं स्पष्टीकरण स्वतः लिहा. हा सुपरवायझर आज तिथे आहे. वर्षभराने तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असू शकतो. म्हणून पत्र आत्ता मागा, अर्जाच्या वेळी नवीन तारखेचं पुन्हा मागता येतं.

हाच नियम भारतातल्या दोन वर्षांना. आपल्याकडच्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर देतात, त्यात 'यांची वर्तणूक समाधानकारक होती' एवढंच असतं. त्याने इथे काही सिद्ध होत नाही. जुन्या साहेबांना फोन करा, लेटरहेडवर कामांसकट पत्र मिळालं तर फारच छान. नाहीतर त्यांचं वैयक्तिक पत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट असं मिळून पुरावा उभा करावा लागेल. भारतातला अनुभव सीईसीच्या पात्रतेसाठी लागत नाही, पण गुणांसाठी लागतो, आणि गुणांशिवाय पात्रता नुसती रांगेत उभी राहते.

इथे स्कोअरकडे येऊ. वर्ष पूर्ण झालं की तुम्ही पूलमध्ये, म्हणजे पात्र उमेदवारांच्या यादीत जाता, अर्ज करायचं बोलावणं येतं ते सीआरएस या गुणपद्धतीतल्या गुणांवर. २०२५ मध्ये सीईसीच्या ड्रॉचा (बोलावणी पाठवण्याच्या फेरीचा) कटऑफ सतत ५०० च्या वरच राहिला. तुम्ही ४३१ बघून घाबरलात ते समजू शकते. पण तो आकडा कसा आला ते मी मांडून पाहिलं. तुम्ही शिक्षणात फक्त कॅनडातला डिप्लोमा धरलाय. कारण सीईसीला शिक्षणाची अट नाही, मग बीईचं मूल्यांकन कशाला करायचं, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असावं. अट नाही हे खरं आहे. पण गुण आहेत. एकट्या अर्जदाराला दोन वर्षांच्या डिप्लोमाचे ९८ गुण मिळतात; बीईचं ईसीए (परदेशी पदवीचं मूल्यांकन) करून घेतलंत आणि ती पदवी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली, तर दोन पात्रता मिळून १२८ होतात. शिवाय शिक्षण आणि भाषा, शिक्षण आणि कॅनडातला अनुभव यांच्या जोडीला जे गुण मिळतात ते २६ वरून ५० वर जातात. म्हणजे एका मूल्यांकन अहवालाने ४३१ चे ४८५ होतात. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट निघायला वेळ लागतो, घरच्या कोणाला तरी खेटे घालावे लागतात, तेव्हा हे काम या महिन्यातच सुरू करा. अहवाल पाच वर्षं चालतो, लवकर केल्याने काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट तुमची आयईएलटीएस. ऐकणं ८, वाचन ७, बोलणं ७, लेखन ६.५. तुम्ही ही मार्कशीट 'चांगली आहे' म्हणून बाजूला ठेवलीत. सीईसीच्या किमान अटीपेक्षा ती कितीतरी वर आहे, टीअर २ साठी सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ५ पुरतो. पण सीआरएसमध्ये चारही कौशल्यांत सीएलबी ९ असण्याला वेगळाच भाव आहे. तुमची तीन तिथे पोचलीत, लेखन अर्ध्या बँडने मागे आहे. लेखन ७ झालं की भाषेचे ८ गुण वाढतात आणि परदेशी अनुभव व भाषा यांच्या जोडीचे १३ चे २५ होतात. एकूण २० गुण. ४८५ चे ५०५. परीक्षेची फी आणि दोन महिन्यांचा अभ्यास एवढ्यावर मिळणारी ही वाढ दुसरीकडे कुठेच इतकी हमखास नाही. लेखनाचा सराव कोणाकडून तरी तपासून घ्या. एकट्याने लिहित राहिलं तर त्याच चुका पक्क्या होतात. आयईएलटीएसचं लेखन जमतच नसेल तर सेलपिप किंवा पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षा देऊन बघा, काहींना संगणकावरचा तो साचा सोपा जातो. निकाल दोन वर्षं चालतो आणि अर्ज भरतानाही तो मुदतीत असायला हवा, हे मात्र तारखा लावताना लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट वेळ. परमिट तीन वर्षांचं आहे हे तुमचं मोठं बळ. दुसरं कुशल वर्ष पूर्ण झालं की कॅनडातल्या अनुभवाचे ४० चे ५३ होतात, परदेशी अनुभवाच्या जोडीचे आणखी १२ वाढतात. तोवर तुम्ही ३० चे व्हाल, वयाचे ५ जातील. बेरीज ५२५. तिशीनंतर दरवर्षी पाच-सहा गुण गळत जातात, म्हणून वाट बघत राहणं हा काही अनंत काळ चालणारा मार्ग नाही, पण एक वर्ष थांबणं तुमच्या बाबतीत फायद्याचंच ठरतं.

फ्रेंच शिकू का, असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. शून्यापासून सुरू करून चारही कौशल्यांत सातव्या पातळीला पोचायला रोजच्या नोकरीसोबत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. जमलं तर ५० जास्तीचे गुण, दुसऱ्या भाषेचे १२ वेगळे, आणि फ्रेंचसाठीचे स्वतंत्र ड्रॉ खुले होतात. मार्च २०२५ मधल्या अशा एका ड्रॉचा कटऑफ ३७९ होता. तुमच्यासाठी मी आधी ईसीए आणि लेखन म्हणेन. भाषेची खरी आवड असेल तर फ्रेंच आजच सुरू करा, नाईलाज म्हणून करू नका, अर्ध्यावर सुटतं.

आता तो एजंट. एलएमआयए मिळवण्याचा खर्च कंपनीने करायचा असतो, कामगाराकडून तो घेणं बेकायदा आहे. पूर्वी या कागदाला सीआरएसमध्ये ५० गुण आणि वरच्या काही पदांना २०० गुण होते, म्हणून त्याचा बाजार मांडला गेला. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकले. म्हणजे हा माणूस तुम्हाला जे विकतोय त्याने तुमचा स्कोअर एकानेही वाढणार नाही. वर तुम्ही ज्या कंपनीत कामच करत नाही तिचे कागद तुमच्या फाइलमध्ये येतील. सल्ला घ्यायचाच असेल तर वकील किंवा सीआयसीसीच्या (कॅनडातल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या) नोंदवहीत नाव असलेला सल्लागार घ्या. ती नोंदवही ऑनलाइन आहे, नाव टाकून दोन मिनिटांत खात्री होते. भारतातल्या तुमच्या ओळखीच्या एजंटचं नाव तिथे नसेल तर पैसे घेऊन तुमचा अर्ज भरण्याचा अधिकार त्याला नाही.

प्रांतांच्या नॉमिनेशनचे, म्हणजे एखाद्या प्रांताने तुमची शिफारस केल्याचे, ६०० गुण मिळतात, ते मिळाले की प्रश्नच संपतो. पण त्या वाटेवर सगळी मदार ठेवू नका. २०२४ साठी या कार्यक्रमाचं लक्ष्य १,१०,००० जणांचं होतं, २०२५ साठी ते ५५,००० वर आणलं. प्रोफाइलमध्ये प्रांतांची आवड नोंदवा, ओंटारियोचं पान अधूनमधून बघा, एवढं पुरे.

कटऑफ वर-खाली होण्यात तुमचा काही हात नाही. १३ फेब्रुवारी २०२१ ला सीईसीचा कटऑफ ७५ वर आला आणि एकाच दिवशी २७,३३२ जणांना बोलावणं गेलं. मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरनंतर जुलै २०२२ पर्यंत सीईसीचे ड्रॉच निघाले नाहीत, चांगल्या चांगल्या स्कोअरची मुलं परमिट संपून परत गेली. त्या फेब्रुवारीत ज्यांचं प्रोफाइल पूलमध्ये नव्हतं, कारण परीक्षा दिली नव्हती किंवा 'एवढ्या स्कोअरवर कशाला' म्हणून भरलंच नव्हतं, त्यांची संधी हुकली. म्हणून वर्ष पूर्ण झालं की कटऑफ कितीही असो, प्रोफाइल भरा. त्याला फी नाही, ते १२ महिने चालतं आणि पुन्हा भरता येतं.

बोलावणं आल्यावर ६० दिवस असतात, आणि ते फार पटकन जातात. आपल्या लोकांचा हमखास अडकणारा भाग म्हणजे नावं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, टी-फोरवर वडिलांचं नाव गायब, आईच्या कागदांवर माहेरचं नाव. प्रोफाइल पासपोर्टप्रमाणेच भरा आणि फरक जिथे जिथे आहे तिथे साधं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या देशाचं पोलीस प्रमाणपत्र लागतं, तुमच्यासाठी ते भारताचं. वैद्यकीय तपासणी ऑगस्ट २०२५ पासून अर्जासोबतच द्यावी लागते.

घरी तुमच्या लग्नाचं बोलणं चालू आहे असा ओझरता उल्लेख तुम्ही केलाय, म्हणून एवढं सांगते. लग्न पुढे ढकलायला मी सांगणार नाही. पण लग्न झालं तर त्या दिवसापासून तुमची वैवाहिक स्थिती बदलली, ती प्रोफाइलमध्ये आणि अर्जात लगेच कळवायची. जोडीदाराबरोबर गुणांचा तक्ता बदलतो, तुमचे काही कमी होतात आणि त्यांच्या शिक्षणाचे व भाषेचे काही मिळतात. पीआर मिळण्याआधी झालेलं लग्न कळवलं नाही, तर नंतर त्या जोडीदाराला स्पॉन्सर करण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. ही एक चूक पुढची अनेक वर्षं खाते.

परमिटच्या तारखेबद्दल शेवटचं. पूलमध्ये प्रोफाइल आहे एवढ्यावर परमिट वाढत नाही. पीआरचा पूर्ण अर्ज दाखल होऊन त्याची पोच आली की मगच ब्रिजिंग ओपन वर्क परमिट (पीआरचा निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवायचं परमिट) मागता येतं, आणि तेही शक्यतो जुनं परमिट संपायच्या आत. पोस्ट-ग्रॅज्युएशन परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून तुमच्या परमिटच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा: सहा महिने आधी बोलावणं हातात नसेल, तर तेव्हा एखाद्या नोंदणीकृत सल्लागाराबरोबर तासभर बसा. तोपर्यंत या आठवड्यात करायच्या गोष्टी दोनच आहेत, विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज आणि सुपरवायझरकडे पत्राची विनंती.